बशीत न रुजणारे

मोजदाद हा सरकारी माणसाचा स्वभावधर्म होय. रकाने भरण्यात आयुष्य गेल्यामुळे, आपल्याहून अवघड खानेसुमारी कोणी करीत आहे असे कळले की मला कुतूहल वाटते. अशी एक खानेसुमारी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ शंभराहून अधिक वर्षे करीत आले आहेत.

त्यांची जुनी रीत सरळ होती. चिमूटभर माती किंवा ओंजळभर पाणी आणावे, ते विरळ करीत जावे आणि त्याचा थेंब आगर घालून थिजविलेल्या पौष्टिक खाद्यावर पसरावा. यासाठी झाकणाची काचेची बशी पेट्रीने १८८७ साली सुचविली. बशीवर जितके ठिपके उमटतील तितके जिवाणू थेंबात होते, असे समजावयाचे. पण तेच पाणी सूक्ष्मदर्शकाखाली धरले की हिशेब जुळत नसे. बशीत एक रुजावा, तर भिंगाखाली शंभर, कधी त्याहूनही अधिक दिसावेत! १९८५ साली स्टेली आणि कोनोप्का या संशोधकांनी या तफावतीचे बारसेच केले.

बाकीचे गेले कोठे? कोठेच नाही. ते पाण्यात होतेच. बशीत रुजले नाहीत, इतकेच.

हे वाचताना मला आई आठवली. वडिलांच्या मागे ती माझ्याकडे आली, तेव्हा माझी नेमणूक दूर उत्तरेत होती. बंगला प्रशस्त, दूधदुभते मुबलक. कशाची वाण नव्हती. तरी शेजारणींना ती केवळ एक अबोल वृद्धा म्हणून ठाऊक झाली. गावी जिच्या एका शब्दाने आळीतली भांडणे मिटत, ती हीच, हे त्यांना कसे कळावे? पुढे तिच्या इच्छेप्रमाणे मी तिला गावी पोहोचविले. नातलगांनी मला नावे ठेवली. पण तिची पत्रे मात्र पानेच्या पाने भरून येऊ लागली.

शास्त्रज्ञांनीही अखेर बशीचा हट्ट सोडला. १९८०च्या दशकात नॉर्मन पेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवी वाट धरली: जीव वाढविण्याची वाट न पाहता, निसर्गातूनच त्यांचे आनुवंशिक द्रव्य काढावे आणि प्रत्येक पेशीत असणाऱ्या राइबोसोमच्या जनुकावरून त्यांचे कूळ ओळखावे. याच वाटेने १९९० साली जिओव्हानोनी आणि सहकाऱ्यांना सारगॅसो समुद्रात 'सार-११' हे अज्ञात कूळ सापडले. महासागराच्या वरच्या थरातील सूक्ष्मजीवपेशींपैकी सुमारे चतुर्थांश पेशी याच कुळातील असल्याचे पुढे दिसून आले. एवढा मोठा समाज, आणि बशीत त्याची दाद ना फिर्याद!

तरीही हे नाव कळणे झाले. ओळख होणे निराळे. जनुकावरून कूळ कळते, राहणी कळत नाही. त्यासाठी तो जीव वाढवावाच लागतो. ते २००२ साली ऑरेगॉनमध्ये साधले, आणि तेही पौष्टिक खाद्यावर नव्हे. संशोधकांनी समुद्राचेच पाणी गाळून निर्जंतुक केले आणि त्यात मोजक्याच पेशी सोडल्या. आपल्या सवयीच्या दारिद्र्यात तो जीव सुखाने वाढला.

परमुलखात नोकरी करणाऱ्या आपणांस यातले मर्म सहज उमगेल. नव्या ठाण्यावर 'येथील लोक उदासीन व अबोल आहेत' असा शेरा लिहिण्यापूर्वी एवढेच स्वतःस विचारावे: त्यांना आपण आपल्या कचेरीत पाहिले, की त्यांच्या अंगणात?