विनिपेगचा हिवाळा आणि मोटारीचें तेल

कॅनडाच्या मानिटोबा प्रांताची राजधानी जें विनिपेग शहर, तें अगदीं सपाट माळावर वसलेलें आहे. उत्तरेचा वारा अडवील असा डोंगर जवळपास नाहीं. रेड व असिनिबोइन या दोन नद्यांचा संगम भर शहरांत आहे; पण संगम म्हटला कीं आपल्याला स्नान आठवतें, आणि येथें हिवाळ्यांत त्याच नद्यांच्या गोठलेल्या पाठीवर लोक पायांत लोखंडी पात्यांचे जोडे घालून घसरत असतात! जानेवारींतील सरासरी उष्णमान शून्याखालीं सुमारें १६ अंश. रात्रीं तें उणें ३० पर्यंत उतरलें तरी शेजारीपाजारी त्याची फारशी वार्ता करीत नाहींत. अशा ठिकाणीं माझा पुतण्या सहकुटुंब राहतो, व त्याच्या आग्रहावरून गेल्या पौषांत तेथें सहा आठवडे काढण्याचा योग मला आला.

नवख्याच्या दृष्टीस प्रथम पडतें तें हें कीं, उभ्या मोटारींच्या तोंडाशीं विजेच्या तारेचें एक शेपूट लोंबत असतें. कचेऱ्यांच्या व बिऱ्हाडांच्या आवारांत ओळीनें खुंट रोवलेले असून त्यांत विजेची सोय असते. सायंकाळीं गुरें दाव्यानें बांधावीं तशा मोटारी त्या खुंटांना बांधून ठेवतात. एंजिनाच्या पोटांत एक लहानसें तापक यंत्र असतें, त्याला ही वीज पोंचते. अशा एका तापकाचें पेटंट १९४९ सालीं अमेरिकेच्या नॉर्थ डाकोटा संस्थानांतील ग्रँड फॉर्क्स येथील अँड्र्यू फ्रीमन या गृहस्थांनीं घेतलें. तें गांवहि याच रेड नदीच्या कांठीं, दक्षिणेस आहे; दोन्ही गांवांची थंडी एकाच घराण्यांतली.

हा खटाटोप कशासाठीं, हें समजण्यास खोबरेल तेलाची बाटली पुरे. पुण्यास मार्गशीर्षांत ती उन्हांत ठेवल्यावांचून तेल बाहेर येत नाहीं. 'तर्कसंग्रहां'त अन्नंभट्टानें द्रवत्वाचे दोन प्रकार सांगितले आहेत: पाण्याचें तें सांसिद्धिक, म्हणजे स्वभावसिद्ध, आणि तुपाचें नैमित्तिक, म्हणजे अग्निसंयोगानें आलेलें. (विनिपेगचें पाणी अन्नंभट्टानें पाहिलें नव्हतें, हें उघड आहे.) मोटारीचें तेल तुपाच्या पंक्तीस बसतें. थंडींत तें दाट होतें, पंपास उचलत नाहीं, आणि एंजिनाचे भाग एकमेकांवर घासूं नयेत म्हणून ज्याची योजना, तेंच त्यांची गति अडवूं लागतें.

तेलाच्या डब्यावर '५ डब्ल्यू-३०' असे आंकडे असतात. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधींचा आंकडा जितका लहान, तितकें तें तेल थंडींत पातळ. मागून येणारा आंकडा एंजिन तापल्यावरचा दाटपणा सांगतो, व तो १०० अंशांवर मोजतात. '० डब्ल्यू' तेलानें उणें ३५ अंशांवर आणि '५ डब्ल्यू'नें उणें ३० अंशांवर एंजिन फिरूं दिलें पाहिजे, असा दंडक आहे. आपल्याकडे पुष्कळ वर्षें प्रचारांत असलेल्या '२० डब्ल्यू'ची परीक्षा उणें १५ लाच संपते. 'तेल जितकें दाट तितकें एंजिन टिकतें' हा आमच्या आप्तांतील एका जुन्या मोटारवाल्या गृहस्थांचा सिद्धांत मीं पुतण्यास ऐकविला, तेव्हां तो हंसून म्हणाला, "काका, तें तेल येथें घातलें तर एंजिन टिकेल खरें, कारण तें सुरूच होणार नाहीं."

पेट्रोलाच्या खर्चाकडे पाहिलें तर मात्र तेलाचा वांटा लोक समजतात तितका मोठा नाहीं. कारखानदारानें सांगितलेल्या तेलापेक्षां दाट तेल घातल्यास सुमारें शेंकडा १ ते २ पेट्रोल वायां जातें. थंडी स्वतः त्याहून कितीतरी अधिक खाते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या हिशेबीं, उष्णमान २५ अंशांऐवजीं उणें ७ असतां पेट्रोलवरची मोटार शहरांत तेवढ्याच पेट्रोलांत शेंकडा १५ कमी अंतर तोडते, आणि पांचसहा किलोमीटरच्या लहान फेऱ्यांत हें नुकसान शेंकडा २४ पर्यंत जातें. एंजिन तापावें तों मुक्कामच येतो! शिवाय थंड हवा जड, चाकांतील हवा आकसलेली, हिवाळी पेट्रोलांत उष्णता किंचित् कमी, आणि आंत बसणारांना ऊब तर हवीच.

पुतण्याच्या घरच्या फेऱ्या नेमक्या अशाच: मुलांची शाळा, सूनबाईची नोकरी, बाजार. सूनबाई भरलेलें पेट्रोल आणि तोडलेलें अंतर एका वहींत टिपून ठेवते. जानेवारीचें पान जुलैच्या पानाशेजारीं धरलें कीं फरक डोळ्यांत भरतो. पुतण्याची संवय निघण्यापूर्वीं पंधरा मिनिटें एंजिन उभ्या जागीं चालूं ठेवण्याची. त्यावरून उभयतांत रोज शब्द होत, आणि मला सूनबाईची बाजू बळकट वाटली. उभ्या मोटारीचें एंजिन पेट्रोल पितें आणि अंतर शून्य; हल्लींच्या एंजिनांना अर्धें मिनिट पुरतें, मग बेतानें चालविल्यानेंच तीं लवकर तापतात. बंद मोटारखान्यांत एंजिन चालूं ठेवणें तर जिवावरचें, कारण त्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नाहीं. पण पुतण्याचें म्हणणेंहि अगदींच टाकाऊ नव्हतें. कांचेवरचें हिम निघाल्यावांचून गाडी हांकतां येत नाहीं. आणि माळावरच्या रस्त्यांत, उणें ३० अंशांत, बंद पडलेली मोटार ही नुसती गैरसोय नसते. घोंगडी, मेणबत्ती आणि फावडें हीं त्याच्या गाडींत कायमचीं ठेवलेलीं होतीं.

अखेर तडजोड झाली. कॅनडाच्या सरकारी खात्याचें सांगणें असें कीं, उणें २० अंशांवर तापक लावल्यास पेट्रोलांत शेंकडा १० पर्यंत बचत होऊं शकते. मात्र तो रात्रभर लावून वीज फुकट घालविण्याचें कारण नाहीं, निघण्यापूर्वीं दोन तास पुरतात. पुतण्यानें मागील दारापाशीं घड्याळाची कळ बसविली. सातला निघावयाचें म्हणून पांचला ती आपोआप चालूं होई. तिचा 'टक्' असा आवाज माझ्या खोलींत ऐकूं येई, आणि मी संध्येला उठत असें.