नगरच्या अंगणातले सफरचंद

अहिल्यानगर जिल्हा म्हटला की डोळ्यांसमोर येतात ऊस, ज्वारी, डाळिंब आणि उन्हाळ्यात चाळिशी गाठणारा पारा. सफरचंद म्हणजे आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जाताना न्यायचे फळ. ते या मातीत येईल असे कोणाला वाटावे?

पण मार्च महिन्यात राहुरी तालुक्यातील वस्त्यांवरून फिरताना एका अंगणात शेवग्याशेजारी आम्ही सफरचंदाचे झाड पाहिले. पुरुषभर उंचीच्या झाडावर लिंबाएवढी अकरा फळे होती. घरच्या ताई म्हणाल्या, "दादा, विकायला नाही लावलं. लेकरांनी झाडावरचं सफरचंद पाहावं म्हणून लावलं." शेजारच्या घरी मात्र तीन वर्षे पाणी घालूनही फूल नव्हते. रोप दारावर आलेल्या विक्रेत्याकडून घेतलेले. जात कोणती, कोणालाच ठाऊक नाही. कष्टाचा पैसा असा वाया जाऊ नये म्हणून वाचकांसाठी हे लिहीत आहोत.

काश्मीर-हिमाचलच्या जुन्या जातींना फुलण्यापूर्वी सात अंशांखालची थंडी सुमारे हजार तास लागते. नगरची थंडी तेवढी नसते. म्हणून कमी थंडीवर फुलणारी जातच निवडावी. 'अण्णा' ही इस्रायलची, 'डॉर्सेट गोल्डन' बहामा बेटांवरची. या दोन्ही जोडीने लावाव्यात. एकीचा पराग दुसरीला मिळाला की फळ चांगले धरते. तिसरी 'एचआरएमएन-९९' आपल्याच देशातली. हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातील पनियाला गावचे शेतकरी हरिमन शर्मा यांनी परसात आपोआप उगवलेल्या रोपातून ती पुढे आणली. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. रोप कलमीच घ्यावे. बी लावून आलेले झाड मूळ जातीसारखे निघत नाही.

काळ्या जमिनीत पाणी साचले तर मुळे कुजतात. म्हणून दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा घेऊन माती, शेणखत व थोडा मुरूम भरावा आणि रोप उंचवट्यावर लावावे. कलमाचा जोड मातीत गाडू नये. उन्हाळ्यात बुडाशी उसाच्या पाचटाचे आच्छादन करावे, खोडाला चुना लावावा आणि दुपारच्या उन्हात सावली धरावी.

पुढचे काम नगरच्या शेतकऱ्याला नवे नाही. डाळिंबाचा बहार धरताना आपण पाणी तोडतो, पानगळ करतो, मग छाटून पाणी देतो. जावा बेटावर बाटू परिसरात सफरचंदाची पाने हातांनी ओरबाडूनच झाड फुलवतात. आपणही झाड दोन-तीन वर्षांचे झाल्यावर डिसेंबरात ताण द्यावा, उरलेली पाने काढावीत, हलकी छाटणी करावी आणि मग पाणी सुरू करावे. पहिल्या बहाराची फळे विरळ करावीत, म्हणजे कोवळ्या फांद्या मोडत नाहीत.

हे फळ सिमल्याच्या सफरचंदाइतके लाल होईल किंवा तितके टिकेल, ही अपेक्षा धरू नये. तोडून लवकर खावे. आणि कर्ज काढून एकरभर बाग लावण्याआधी अंगणातल्या दोन झाडांचा तीन वर्षांचा अनुभव घ्यावा. राहुरीला १९६८ साली स्थापन झालेले महात्मा फुले कृषी विद्यापीठ जवळच आहे; रोपाला पैसे मोजण्यापूर्वी तेथील फळबाग तज्ज्ञांना अवश्य विचारावे. विचारायला पैसे लागत नाहीत, चुकीच्या रोपाला मात्र तीन वर्षे लागतात.