टकटक

नात्यातल्या मंडळींना आमची जीप ठाऊकच आहे. धाकट्या मेव्हण्याची वरात तिच्यातूनच निघाली होती. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. १९८९ सालची डिझेल जीप, १९९८ मध्ये मी ती जुनी विकत घेतली. मास्तराला जीप कशाला हवी, असं तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं होतं. राहायला अमरावतीत, शेत मूर्तिजापूरजवळ, आणि फाट्यापासून शेतापर्यंत दोन किलोमीटरची पांदण. खारपाणपट्ट्यातली काळी माती ज्यांनी पावसाळ्यात तुडवली आहे त्यांना अधिक सांगायला नको. उन्हाळ्यात तिला हात कोपरापर्यंत जाईल अशा भेगा पडतात. एक चांगला पाऊस झाला की तीच माती फुगते, चाकाला चिकटते आणि चाकाचा गोळा होतो. तिथे चारही चाकांना जोर असलेली गाडीच चालते. कधी कधी तीही नाही.

तर या जीपमधून २०२३ च्या जुलैत एक आवाज यायला लागला.

टक... टक... टक. अगदी हळू चालवली की मोजता येईल असा. वेग वाढला की सगळे टक एकमेकांत मिसळायचे, आणि डिझेल इंजिनाच्या गोंगाटात हरवून जायचे. कानापेक्षा तो मला डाव्या तळपायाला जास्त कळायचा. दाराला कुणीतरी बोटाच्या पेरानं हळूच वाजवत असावं, तसा.

अमरावतीतल्या एका गॅरेजमध्ये नेली. नाव लिहीत नाही, माणूस प्रामाणिक आहे. त्यानं चक्कर मारली, आवाज ऐकला, म्हणाला, "गुरुजी, पाट्याचे बुश गेले." पुढची चाकं खोलली, बुश बदलले, आवाज बंद! मी खूश. तीन आठवडे सगळं शांत होतं. मग एकदा शेतावर जाऊन आलो आणि परत टकटक. दुसऱ्या गॅरेजमध्ये गेलो, तर त्या दिवशी आवाजच नाही. दवाखान्याच्या पायरीवर दाढदुखी थांबते ना, तसं. तरी त्यानं शॉकअप बदलायला लावलेच. तिसऱ्याकडे इंजिनाचे माउंटिंग बदलले. एव्हाना 'आमची ही' म्हणायला लागली होती, की एवढ्या पैशात घराला रंग देऊन झाला असता.

दिवाळीला मुलगा पुण्याहून आला. म्हणाला, चला बाबा, मीच बघतो. बडनेऱ्यावरून आम्ही अकोला रस्त्याला लागलो. हा रस्ता म्हणजे आता आमच्या भागाची शान. २०२२ च्या जूनमध्ये लोणी ते माना या पट्ट्यात १०५ तास ३३ मिनिटांत, एका लेनच्या हिशेबानं सलग ७५ किलोमीटर डांबरीकरण केलं आणि गिनीजच्या बुकात नाव गेलं. आधीचा विक्रम कतारमधल्या दोहाचा होता. वऱ्हाडातला माणूस रस्त्याच्या बाबतीत दोह्याला मागे टाकेल असं माझ्या विद्यार्थ्यांना सांगितलं असतं तर वर्ग हसला असता. असो. त्या रस्त्यावर मूर्तिजापूरपर्यंत गेलो, आलो. जीप मुकाट चालली.

"बाबा, काहीच वाजत नाही."

"आज नाही वाजत. पण वाजतं."

तो काही बोलला नाही. घरी आल्यावर त्यानं आईकडे पाहिलं. मी पस्तीस वर्षं वर्गात उभा राहिलो आहे. दोन मुलं एकमेकांकडे पाहून काय बोलतात हे मला न ऐकता कळतं. दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतलेली होती.

त्या काचेच्या खोलीत कानाला यंत्र लावून बसलो. आवाज आला की बटण दाबायचं. पुष्कळ वेळा मला वाटलं की यंत्र बंद पडलं असावं. ते बंद नव्हतं. आलेखाची रेघ सुरुवातीला सरळ आणि पुढे घसरगुंडीसारखी खाली. डॉक्टर म्हणाले, वयाप्रमाणे आहे. उंच पट्टीचे आवाज आधी जातात. पाखरांची चिवचिव, कुकरच्या शिट्टीचा वरचा सूर, स, श, फ ही अक्षरं. खालच्या पट्टीचे आवाज तुम्हाला चांगले येतात. मुलानं यातलं पहिलं अर्धं ऐकलं. रात्री फोनवर सूनबाईंना सांगत होता, "कान गेलेत गं बाबांचे. आता गाडी नको." ऑक्टोबर २०२४ मध्ये जीपच्या पाच वर्षांच्या पुनर्नोंदणीची मुदत संपणार होती. तोवर चालवा, मग भंगारात देऊ, असं ठरलं. म्हणजे त्यांनी ठरवलं.

खरं सांगू का? मला मुलाचा राग आला नाही. भीती वाटली. कारण रात्री निजलो की माझ्या कानात एक बारीक सूर वाजतो, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. जे वाजत नाही ते ऐकणारा कान आपल्याजवळ आहे हे मला माहीत होतं. मग ती टकटकही तसलीच नसेल कशावरून? माझ्या एका सहकाऱ्यांना शेवटी शेवटी शाळेची घंटा ऐकू यायची. दुपारी घरी बसल्या बसल्या उठून चपला घालायचे. त्यांची आठवण यायला लागली. रिकाम्या रस्त्यावर मी गाडी न्यूट्रलमध्ये टाकून डोळे बारीक करून ऐकायचो. इंजिन मंदावलं तरी टकटक चालूच राहायची, आणि गाडी थांबली की थांबायची. म्हणजे ती इंजिनात नाही, फिरणाऱ्या कशात तरी आहे. आणि डोक्यातली असती तर गाडीबरोबर थांबली नसती, अशी मी स्वतःची समजूत घालायचो. पण शंका एकदा आली की पुराव्यालाही चिकटते.

मग जुन्या सवयीनं वही घातली. तारीख, कुठून कुठे, पाऊस, गाडीत वजन किती, आवाज आहे की नाही. पुढच्या पावसाळ्यापर्यंत पानं भरली. मी त्यात वेग आणि वजनाचा संबंध शोधत बसलो होतो. एक दिवस ही भाजी निवडता निवडता वही चाळत होती. म्हणाली, "अहो, तुमचा आवाज अमरावतीत कधी सुरूच होत नाही. तिकडूनच येतो आणि तिकडेच जातो. उन्हाळ्यात तर एकदाही नाही."

पाहिलं तर खरंच! माझ्या डोळ्यांसमोर वर्षभर होतं.

२०२४ च्या पोळ्याच्या आदल्या आठवड्यात शेतावर खत पोचवून झालं आणि येताना टकटक हजर. मी अमरावतीकडे वळलोच नाही. बोरगाव मंजूवरून सरळ अकोल्याला. तिथे जुन्या जीपा करणारे एक मिस्त्री आहेत असं ऐकून होतो. टिनाचं छप्पर, समोर कडुनिंब, वय माझ्याच आसपास. मी बुश, शॉकअप, माउंटिंग असं सगळं पुराण सुरू केलं. त्यांनी हात वर केला.

"थे राहू द्या गुरजी. आवाज चाकाचा हाय का शाफ्टाचा, हे कोनी मोजलं काय?"

मोजलं? आवाज मोजतात हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

"खडू हाय काय? मास्तराच्या गाडीत खडू नसन त कोनाच्या गाडीत असन!"

डॅशबोर्डच्या खणात निघाला, खोटं कशाला सांगू. पुढच्या डाव्या टायरवर त्यांनी एक रेघ ओढली. हाताखालच्या पोराला पहिल्या गिअरमध्ये गाडी रांगवायला सांगितलं आणि स्वतः वाकून बाजूनं चालत राहिले. रेघ खाली आली की एक बोट मिटायचे. तीन वेळा असं केलं.

"एका फेऱ्याले पाच टका. चाकात काई असतं त फेऱ्याले एकच वाजलं असतं. पाटा असता त खड्ड्यात वाजला असता, अशा सपाट जाग्यावर नाई. तुमच्या या गाडीत चाक एक डाव फिरलं का शाफ्ट पाचक डाव फिरते. मंग सांगा!"

मी पुढचं गणित पुरं केलं. शाफ्टात आहे. पण शाफ्ट दोन. मागचा नेहमी फिरतो, तो असता तर आवाज रोज आला असता. राहिला पुढचा. आणि पुढचा फिरतच नाही, कारण हब मोकळे आहेत. मी तसं म्हणालो.

मिस्त्रींनी पुढच्या चाकाच्या मधोमध असलेल्या बटणावरचा चिखल अंगठ्यानं पुसला. बटण 'लॉक'वर होतं. पलीकडच्या चाकाचंही.

ज्यांना हे हब प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी. महायुद्धात अमेरिकेत सहा लाखांवर जीपा झाल्या. युद्ध संपल्यावर त्या साध्या लोकांच्या हाती आल्या, पण रस्त्यावर पुढचा सगळा लवाजमा उगाच फिरत राहायचा. १९४८ मध्ये आर्थर वॉर्न नावाच्या माणसानं सिॲटलमध्ये असे हब करायला सुरुवात केली, की बटण फिरवलं की पुढची चाकं मोकळी आणि त्यांना जोडलेलं सगळं स्वस्थ. चिखल आला की उतरायचं, दोन्ही बटणं 'लॉक' करायची. आपल्याकडे १९४७ पासून मुंबईत जीपा जुळवल्या जाऊ लागल्या. माझ्या गाडीला हे हब आधीच्या मालकानं बसवून घेतलेले होते.

मिस्त्रींनी दोन्ही बटणं मोकळी केली, एक चक्कर मारली. शांत. परत लॉक केली. टकटक. तिसऱ्यांदा मीच म्हटलं, पुन्हा करा. त्यांना वाटलं असेल की म्हाताऱ्याचा विश्वास बसत नाही. मला नुसतं ऐकायचं होतं. हाताखालचा पोरगा म्हणाला, "वाजून रायला ना भाऊ, चांगलं वाजून रायला." इतकं गोड वाक्य मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

पुढच्या शाफ्टाचा क्रॉस काढला. अधिकच्या चिन्हासारखा तो लोखंडी तुकडा. शाफ्ट वाकड्या कोनातून फिरायचा तर तो लागतोच. रॉबर्ट हूकचं नाव त्या सांध्याला आहे हे मी नंतर वाचलं. पेशीला 'सेल' म्हणणारा तोच हूक. क्रॉसच्या चार टोकांना वाटीत सुयांसारखे बारीक रोलर असतात. मिस्त्रींनी एक वाटी माझ्या तळहातावर उपडी केली. रोलर नाहीतच. तपकिरीसारखी भुकटी पडली.

"याले गिरीस कवा देल्लं होतं?"

यावर मी काय बोलणार? दर सर्व्हिसिंगला गिरीसवाला खाली शिरायचा आणि मीच सांगायचो, पुढचा राहू दे, तो फिरत नाही. दहा वर्षं सांगत होतो. न फिरणारा सांधाही पाणी खातो, गंजतो, हे डोक्यात आलं नाही. सातशे रुपयांत काम झालं. बुश बदलल्यावर आवाज का थांबला तेही कळलं. चाकं खोलताना त्यांनी बटणं मोकळी केली असणार.

राहिला प्रश्न, बटणं लॉक कोण करत होतं?

२०२२ च्या पावसाळ्यात मी त्याच पांदणीत हब फिरवायला उतरलो आणि गुडघ्यावर आपटलो. तेव्हापासून पावसाळ्यात मी फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर बसतो, आणि सालदाराचा मुलगा गोण्या घेऊन गाडी शेतात नेतो नि परत आणून देतो. लायसन आहे त्याच्याजवळ. पण मी त्याला बजावलं होतं, फोर व्हीलला हात लावायचा नाही, खर्चाचं काम आहे. एकदा विचारलंही होतं. "नाई गुरजी," म्हणाला होता.

पोळ्याला ठोंबरा खाऊन झाल्यावर त्याला बाजूला घेतलं. आधी खाली पाहत होता. मग म्हणाला, "गुरजी, हब लावल्याबिगर थ्या पांदनीतून गाडी निंगतच नाई. तुमाले सांगतलं असतं त तुमी गाडी देल्ली नसती. मंग गोन्या पाठीवर न्या लागल्या असत्या." येताना तो लीव्हर आठवणीनं मागे घ्यायचा. बटणं मात्र चिखलानं घट्ट बसली की फिरायची नाहीत, आणि मी फाट्यावर घड्याळ बघत बसलेला असायचो. मग पुढच्या खेपेला, सुकल्यावर, मोकळी करायचा.

पन्नास किलोची एक गोणी. दोन किलोमीटर. मी तीही नुसती 'पांदण' या शब्दानं भागवली होती. त्याला म्हटलं, आता हब लाव, आणि मोकळे झाले नाहीत तर मला सांग, आपण पाना आणि पाणी घेऊन दोघं करू. तो हसला नाही. माझ्याकडे बघत राहिला, हे खरं म्हणतात की परीक्षा घेतात, अशा नजरेनं. ती नजरही माझ्या ओळखीची आहे.

जुना क्रॉस मी धुऊन दिवाणखान्यात ठेवला. मुलगा ऑक्टोबरमध्ये आला तेव्हा त्यानं तो हातात घेऊन हलवून पाहिला. खुळखुळला. "सॉरी, बाबा," एवढंच म्हणाला आणि आरटीओत स्वतःच बरोबर चलतो म्हणाला. तपासणी झाली, पाच वर्षांचा शिक्का मिळाला.

परत येताना तो एकदम म्हणाला, "बाबा, मागून काहीतरी वाजतंय. बारीक, चिमणीसारखं."

मी गाडी हळू केली, कान दिला. मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही.

"कधीपासून येतंय?" मी विचारलं, आणि त्याला खणातली वही काढायला सांगितली.