अल्सवॉटरच्या काठी आठ दिवस

सांगलीतील हळदीच्या एका जुन्या अडत दुकानाचे अण्णा आणि त्यांच्या पत्नी आक्का यांनी काही वर्षांपूर्वी सहलकंपनीबरोबर युरोप पाहिला, तो बहुतांशी खाकरा, खजूर आणि राजगिऱ्याचे लाडू यांच्या बळावर. 'जैन जेवण मिळेल' असे छापील पत्रकात होते. प्रत्यक्षात कांदा नसलेली, पण बटाट्याने भरलेली भाजी पुढे येई आणि तीही रात्री नऊ वाजता. परत आल्यावर आक्कांनी पुन्हा देशाबाहेर पाऊल टाकणार नाही असे जाहीर केले होते. तो निश्चय लेस्टरमध्ये राहणाऱ्या त्यांच्या मुलीने गेल्या वर्षी मोडून काढला. तिने इंग्लंडच्या वायव्येस, लेक डिस्ट्रिक्ट नावाच्या डोंगराळ प्रदेशात, अल्सवॉटर सरोवराजवळ एक घर आठवड्यासाठी भाड्याने घेतले. तेथे स्वयंपाकी नव्हता, वाढपी नव्हता. चूल, भांडी आणि किल्ली तेवढी मिळणार होती. आक्का राजी झाल्या त्या याच कारणाने.

मेच्या अखेरीस अण्णा, आक्का, मुलगा, सून आणि दोन नातवंडे लेस्टरला पोहोचली. तेथील जैन मंदिरात दर्शन घेऊनच पुढे निघायचे, हे ठरलेले होते. हे मंदिर मुळात ख्रिस्ती उपासनागृह होते. समाजाने ती इमारत विकत घेऊन तिचे रूपांतर केले आणि १९८८ मध्ये तेथे प्रतिष्ठा झाली. श्वेतांबर, दिगंबर आणि स्थानकवासी अशा तिन्ही परंपरांची स्थाने तेथे एका छताखाली आहेत. आपल्या गावांतून हे क्वचितच जमते. परदेशात संख्या थोडी असली की माणसे शहाणी होतात, असे अण्णा म्हणाले. लेस्टरच्या भारतीय पेठेतून तूरडाळ, मूग, कणीक आणि मसाले घेऊन आठ माणसांचे कुटुंब दोन मोटारींतून उत्तरेकडे निघाले.

ज्या घरी ती उतरली ते घर म्हणजे पूर्वीचे धान्याचे आणि गवताचे कोठार होते. त्या भागात अशा बांधणीला 'बँक बार्न' म्हणतात. या 'बँके'चा पैशांशी काही संबंध नाही; बँक म्हणजे उतार. डोंगराच्या उतारावर दुमजली इमारत अशी बसवायची की वरच्या बाजूने गवताची गाडी थेट वरच्या मजल्यावर हाकता यावी आणि खालच्या बाजूने गुरे तळमजल्यात शिरावीत. वर गवत व मळणीची जागा, खाली गोठा. हिवाळ्यात वरून गवत खाली टाकले की काम झाले. गवत डोक्यावरून वाहण्याचे कारण नाही. आता तळमजल्यावर निजण्याच्या खोल्या आहेत आणि मळणीच्या जागी लांबलचक दिवाणखाना व त्यालाच जोडून स्वयंपाकघर. जेथून गाडी आत येई त्या उंच कमानीत काच बसवली असून तीतून सरोवराचे एक वळण दिसते.

मुलांनी ती काच पाहिली; अण्णांनी भिंती पाहिल्या. हातभर जाडीच्या त्या दगडी भिंतींत ठरावीक अंतरावर उभ्या, अरुंद फटी होत्या. गवत ओले राहिले तर आतून तापते आणि कुजते, म्हणून वारा खेळता ठेवण्यासाठी त्या सोडलेल्या होत्या. माल साठवणाऱ्या माणसाची नजर होती ती. सांगलीजवळ हरिपूरला हळद साठवण्याची जमिनीतील पेवे होती. तेथे वारा मुळीच जाऊ द्यायचा नाही आणि येथे तो अडवायचा नाही, असा उलटा हिशेब. पण माल टिकवण्याची चिंता एकच. २००५ च्या महापुरात त्यांतील बहुतेक पेवे निकामी झाली. नातवाने पेव म्हणजे काय असे विचारले, तेव्हा त्याने ते कधी पाहिलेच नाही हे अण्णांच्या ध्यानात आले.

पुराचा विषय तेथेही निघाला. सरोवराच्या टोकाशी असलेल्या पूली ब्रिज या गावातील पूल नवा, पोलादी आहे. १७६४ साली बांधलेला दगडी पूल डिसेंबर २०१५ च्या 'डेस्मंड' वादळात वाहून गेला. त्या वेळी याच प्रदेशातील होनिस्टर खिंडीत चोवीस तासांत ३४१ मि.मी. पाऊस मोजला गेला. आयर्विन पुलावरचे पाण्याचे आकडे पाहत पावसाळे काढलेल्या माणसाला हा तपशील कोरडा वाटणे शक्य नव्हते. नवा पूल किती उंच घेतला, एवढेच त्यांनी दोनदा विचारले.

आता स्वयंपाकघर. घरातील भांडी मालकीणबाईंच्या संमतीने एका कपाटात बंद करून ठेवण्यात आली. भट्टीला कोणी हात लावला नाही. तवा, कढई, पोळपाट, लाटणे, गाळणे आणि प्रेशर कुकर हे सामान सांगलीहूनच आले होते. मात्र शेगडी इंडक्शनची निघाली आणि सांगलीचा ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापेचना. सात हजार किलोमीटरहून अधिक प्रवास केलेला तो कुकर शेवटी डब्याच्या कामी आला आणि डाळ रोज स्टीलच्या पातेल्यात शिजली. अशा घरी जाऊ इच्छिणाऱ्यांनी शेगडीचा प्रकार आधी विचारून घ्यावा. भाडे आठवड्याचे व घरापोटी असते, माणशी नव्हे. म्हणून कुटुंब मोठे असेल तर ते अंगावर येत नाही. पेनरिथ हे जवळचे बाजाराचे गाव. तेथे मटार, फरसबी, कोबी, टोमॅटो सहज मिळतात. पण शाकाहारी असे लिहिलेल्या वस्तूत अंडे असू शकते आणि चीजमध्ये प्राणिज रेनेट असू शकते, त्यामुळे वेष्टनावरील बारीक अक्षर वाचण्यावाचून गत्यंतर नाही. ते काम दहावीतल्या नातीकडे सोपवले गेले व तिने ते आयकर अधिकाऱ्याच्या कसोशीने केले.

सूर्यास्ताची अडचण उरली नव्हती. जूनच्या आरंभी तेथे सूर्य साडेनऊनंतर मावळतो. त्यामुळे दिवसभर हिंडून आलेली मुले आठ वाजता जेवली तरी रात्रिभोजन होत नव्हते. (डिसेंबरात हेच गणित उलटते, चार वाजायच्या आत सूर्य जातो.) आक्का मात्र रोज सांगलीच्या वेळेलाच, सहाच्या सुमारास जेवत. सूर्य परक्यांचा असला तरी पोट आपलेच आहे, असे त्यांचे म्हणणे.

सुनेने दुसऱ्या दिवशी एक प्रश्न सहज स्वरात विचारला: स्वयंपाकघरच बरोबर आणले तर सुट्टी नेमकी कोणाची? त्यावर कोणी काही बोलले नाही. अण्णांनी जेवण झाल्यावर बाह्या वर सारून भांडी घासायला घेतली. चाळीस वर्षांच्या संसारात आक्कांनी हे दृश्य पाहिले नव्हते. त्यांना ते फारसे रुचलेही नाही, पण सुनेने त्यांना हाताला धरून काचेपाशी बसवले. पुढे रोज मुलगा, जावई आणि अण्णा पाळीने भांडी घाशीत. पोळ्या मात्र शेवटपर्यंत बायकांकडेच राहिल्या.

खरा पेच तिसऱ्या दिवशी उभा राहिला. घराला नगरपालिकेचे पाणी नव्हते. मागच्या डोंगरातील झऱ्याचे पाणी एका दगडी टाकीत साठून नळाला येई. आक्कांना हे कळले तेव्हा त्या हरखल्या. नळाचे पाणी त्या रोज दुहेरी वस्त्राने गाळीतच होत्या. पण गाळण्यावर राहिलेले जीव ज्या पाण्यातून आले तेथेच परत पोचवायचे, ही जीवाणीची रीत सांगलीत नळ आल्यापासून मनासारखी पाळता येत नव्हती. मिरजेजवळच्या माहेरी विहिरीत कडीच्या बादलीने ती हळुवार सोडीत. येथे तर झरा परसात होता.

मालकीणबाई झरा दाखवायला आल्या आणि बोलता बोलता म्हणाल्या की काळजी नसावी, पाणी घरात येण्यापूर्वी अतिनील किरणांच्या दिव्याखालून जाते आणि त्यातील सारे जंतू मरतात. घर भाड्याने द्यायचे तर स्थानिक परिषदेकडून पाण्याची तपासणी होते. त्यांनी हे अभिमानाने सांगितले आणि तो रास्तच होता. मुलीने मराठीत अर्थ सांगितला. आक्का काही बोलल्या नाहीत. त्या दिवशी दुपारी त्यांनी पाणी घेतले नाही.

"आई, तो दिवा आपल्या आरोग्यासाठीच आहे," मुलगा म्हणाला.

"आपल्या," आक्का म्हणाल्या. "ते मलाही कळतं."

सायंकाळी बराच वाद झाला. सांगलीच्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, ते काय वेगळे, हा मुलाचा मुद्दा बिनतोड होता. तेथे आपल्याला दुसरा मार्ग नाही, येथे झरा दोनशे पावलांवर आहे, हे आक्कांचे उत्तर. चढण निसरडी आहे, वय अडुसष्ट आहे, गुडघा दुखतो, हे सुनेने सांगितले. अण्णा दोन्ही बाजू ऐकत राहिले आणि शेवटी एवढेच म्हणाले, की बादली कोण आणणार ते ठरवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता मुलगा बादली आणि काठी घेऊन तयार होता. टाकीच्या वर, दिव्याच्या अलीकडे, झरा दगडांतून जेथे फुटतो तेथे आक्कांनी पाणी भरले, वस्त्राने गाळले आणि गाळणे उलटे धरून गाळलेल्याच पाण्याने जीवाणी लोट्यात उतरवून, लोटा पाण्याला टेकवून सोडली. नात शेजारी उभी होती. ते पाणी खाली आणून आक्का उकळून घेत. गाळलेल्या पाण्याची मर्यादा अठ्ठेचाळीस मिनिटांची आणि उकळलेल्याची चोवीस तासांची. उघड्या झऱ्याचे पाणी कोणीही न उकळता पिऊ नये, या डॉक्टरी सल्ल्याशी ते जुळणारेच होते. घरातील इतर मंडळी नळाचेच पाणी पीत राहिली. दोन घागरी, दोन मते. आठवडाभर तसेच चालले.

पाण्यावरून त्या प्रदेशात मोठे वाद झालेले आहेत. मँचेस्टर हे कापडगिरण्यांचे शहर. मुंबईच्या कापूसबाजाराशी त्याचे नाव दीर्घकाळ जोडलेले होते. त्या शहराची तहान भागवण्यासाठी थर्लमिअर सरोवर बांध घालून उंचावले गेले आणि १८९४ मध्ये त्याचे पाणी सुमारे १५४ कि.मी. अंतर केवळ उताराने, पंपाविना, मँचेस्टरला पोचले. तानसाचे पाणी मुंबईला मिळाले ते १८९२ साली, हे येथे आठवते. पुढे हॉजवॉटरच्या धरणासाठी मार्डेल हे गाव बुडाले. कोरड्या उन्हाळ्यात त्याच्या भिंती अजूनही वर येतात. अल्सवॉटरवरही मँचेस्टरची दृष्टी होती. १९६२ मध्ये लॉर्ड बर्केट यांनी लॉर्ड्सच्या सभागृहात त्याविरुद्ध भाषण केले, प्रस्ताव नामंजूर झाला आणि दोनच दिवसांनी ते वारले. नंतर काही पाणी उपसण्यास परवानगी मिळालीच, पण पंपगृह दृष्टीआड जमिनीखाली ठेवण्याच्या अटीवर.

सरोवर सुमारे बारा कि.मी. लांबीचे, दोनदा वळलेले. त्यावर १८७७ ची 'लेडी ऑफ द लेक' आणि १८८९ ची 'रेव्हन' या नौका अजून चालतात. पूर्वी वाफेवर, आता डिझेलवर. हाउटाउनच्या धक्क्यावरून कुटुंब ग्लेनरिडिंगपर्यंत जाऊन आले. डॅफोडिल्सची फुले, जी वर्ड्‌स्‌वर्थ आणि त्यांची बहीण यांनी एप्रिल १८०२ मध्ये याच काठावर पाहिली, ती मेअखेर संपलेली असतात. अण्णांना शाळेत ती कविता होती. फुले नाहीत म्हणून त्यांना वाईट वाटले, नातवंडांना नाही.

नातवंडांना मेंढ्या हव्या होत्या. हर्डविक जातीच्या या मेंढ्यांची कोकरे काळी जन्मतात आणि वयाबरोबर करडी होत जातात. डोंगरावर कुंपण नसले तरी प्रत्येक कळप आपली हद्द ओळखतो. आई कोकराला ती शिकवते. म्हणून शेत विकले गेले तरी अनेकदा कळप शेताबरोबरच राहतो, जुन्या दुकानाबरोबर त्याचे गिऱ्हाईक राहावे तसा. धाकट्या नातवाने एका कोकराला नाव ठेवले. ती मोठी झाल्यावर कोठे जातात, हे नातीने विचारले आणि मालकीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितले: काही माद्या राहतात, बाकीची शरद ऋतूत बाजारात.

त्या रात्री अण्णांना झोप लागेना. आपण दिलेले भाडे त्याच शेताच्या खात्यात जमा होते, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मालकीणबाईंना सरळ विचारले. त्या म्हणाल्या की कोठाराचे भाडे सुरू झाल्यापासून त्यांनी कळप निम्म्यावर आणला आहे. मेंढ्यांवर आता घर चालत नाही. अण्णांनी मान हलवली. हा जमाखर्च कोणत्या बाजूला मांडावा, ते त्यांनी कोणाला सांगितले नाही. परतल्यावर मात्र त्यांनी घरभाड्याच्या रकमेइतकाच धनादेश सांगलीच्या पांजरपोळीला पाठवला.

शनिवारी दहाच्या आत घर सोडायचे होते. आक्का पहाटे नातीबरोबर झऱ्यावर गेल्या. या वेळी जीवाणी नातीने सोडली, जरा घाईने, आणि तिला ती पुन्हा सावकाश कशी सोडायची ते दाखवावे लागले. खाली मुलगा मोटारीत सामान बसवत होता; ओले गाळणे कुकरमध्ये ठेवण्यात आले. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी अभिप्राय लिहावा म्हणून मेजावर एक वही होती. अण्णांनी तीत मराठीत तारीख, माणसे आठ, आणि खाली 'पाणी गोड' एवढेच लिहिले. मालकीणबाईंनी अर्थ विचारला. मुलीने तो सांगितला.

"नळाचं की झऱ्याचं?" त्यांनी विचारले.

अण्णांनी आक्कांकडे पाहिले. त्या मोटारीत जाऊन बसल्या होत्या.