सायंकाळची मात्रा

नगरच्या आडते बाजारात भुसाराची पेढी चालविणाऱ्या एका शेठजींना त्यांच्या पत्नीने मूत्रपिंड दिले. शस्त्रक्रिया उत्तम झाली. घरी निघताना ट्रान्सप्लांट को-ऑर्डिनेटर बाईंनी औषधांचा तक्ता समजावून दिला, आणि "समजले ना?" असे न विचारता त्या म्हणाल्या, "शेठजी, आता तुम्ही मला सांगा." जमाखर्चातील पै न पै तोंडपाठ असणारे शेठजी टॅक्रोलिमसच्या मात्रेपाशीच अडखळले. तीन वेळा म्हणवून घेतल्यावर त्यांना निरोप मिळाला. इतका वेळ देणारी माणसे रुग्णालयांत थोडीच असतात.

मूत्रपिंड पत्नीचे असले तरी शरीर त्याला परकेच मानते. १९५४ साली बोस्टनमध्ये यशस्वी झालेले पहिले प्रत्यारोपण एकसारख्या जुळ्या भावांमधील होते, म्हणून तेथे अशा औषधांवाचून निभावले. इतरांना अवयव काम करीत आहे तोवर ती घ्यावीच लागतात. टॅक्रोलिमसचे रक्तातील प्रमाण घटले तर शरीर नव्या अवयवावर उठते. वाढले तर तेच औषध मूत्रपिंडाला बाधते. म्हणून मात्रा दर बारा तासांनी, आणि तपासणीच्या दिवशी रक्त देऊन झाल्यावरच सकाळची.

वेळ ठरली सकाळी नऊ आणि रात्री नऊ. शेठजींचा चौविहार मात्र अनेक वर्षांचा. डॉक्टरांसमोर हा विषय काढण्याचा त्यांना संकोच वाटला आणि ते सायंकाळची मात्रा सूर्यास्तापूर्वीच घेऊ लागले. हिवाळ्यात हे अंतर एकीकडे नऊ तासांचे आणि दुसरीकडे पंधरा तासांचे झाले. प्रकृतीत काहीच जाणवत नव्हते. क्रिएटिनीन मात्र वाढले. दुखणे नाही, ताप नाही, केवळ कागदावरचा एक आकडा. सुदैवाने तो वेळीच दिसला आणि उपचारांनी उतरला.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी दिनदर्शिका मागविली आणि शेठजींनाच हिशेब करावयास लावला. मे महिन्यात नवकारशीपासून सूर्यास्तापर्यंत बारा तास कसेबसे बसतात. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, सहाला मावळतो, त्यात नवकारशीची अठ्ठेचाळीस मिनिटे वजा. दहा तासांच्या थैलीत बारा तास कसे मावणार? ऋतूगणिक वेळ बदलणेही योग्य नव्हते. शेठजी महाराजसाहेबांकडे गेले. पच्चक्खाणात आगार असतात, आजारपणातील औषधाची मोकळीक त्यांत आहे, हे त्यांना तेथे शांतपणे सांगण्यात आले. व्रत मोडण्याच्या भीतीने ज्यांनी विचारलेच नाही, अशी घरे आपल्यात बरीच असावीत.

पुढच्या गोष्टी त्यांनी लवकर उचलल्या. औषधाच्या दुकानदाराने दुसऱ्या कंपनीचे टॅक्रोलिमस पुढे केले तर डॉक्टरांना विचारल्यावाचून घ्यावयाचे नाही. गुडघेदुखीवर मनाने गोळी नाही. पपनस नाही, कोणाच्या सांगण्यावरून काढा नाही. चुकलेल्या मात्रेची भरपाई म्हणून पुढच्या वेळी दुप्पट तर कधीच नाही.

आता त्यांच्या उशाशी लाल कापडी बांधणीची वही असते. एका बाजूस वेळ, दुसऱ्या बाजूस मात्रा. महिनाअखेरीस पत्नी उरलेल्या कॅप्सूल मोजते आणि ताळा जुळविते. गेल्या महिन्यात एक कॅप्सूल जास्त निघाली, तेव्हा शेठजींनी पेढी उघडण्यापूर्वी बाईंना फोन केला.