परंड्याचे सुटे पैसे

दुकानदाराने परत दिलेले सुटे पैसे बहुतेक माणसे मोजून घेतात. मी ते वाचून घेतो. मेथीची जुडी आणायला गेलेला नवरा परत येऊन दाराशीच थबकतो, तळवा उजेडाकडे धरून डोळे बारीक करतो, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींना लगेच कळते की मेथी विसरली आहे.

हा छंद मला शाळेत असल्यापासून आहे, आणि त्याचा नियम एकच. नाणे व्यवहारात, मोड म्हणून हाती आले पाहिजे. जुन्या नाण्यांच्या दुकानातून ते विकत आणणे म्हणजे बाजारचे लोणचे बरणीत भरून ‘आमच्या हातचे’ म्हणून पाहुण्यांच्या पानात वाढण्यासारखे आहे. चव कदाचित बरी असेल. पण ते आपले नव्हे.

नाण्यात वाचण्यासारखे पुष्कळ असते. सालाखाली बारीकसा हिरा असेल तर नाणे मुंबईच्या टांकसाळीतले, चांदणी असेल तर हैदराबादचे, नुसता ठिपका असेल तर नोएडाचे आणि काहीच नसेल तर कोलकात्याचे. शिवाय अधूनमधून सरकार एखाद्या थोर पुरुषाची आठवण म्हणून निराळे नाणे पाडते आणि ते चारचौघांसारखे गल्ल्यात येऊन पडते. १९९० सालचा डॉ. आंबेडकरांचा रुपया मला रद्दीवाल्याने दिला. १९९९ सालचे शिवछत्रपतींचे दोन रुपये एका रिक्षावाल्याने दिले. त्याच साली निघालेला ज्ञानेश्वरांचा रुपया कॉलेजच्या कँटीनमध्ये चहाच्या बशीत भिजत पडलेला मिळाला. लोकमान्यांचे पाच रुपये तर कितीदा आले आणि गेले. आला नाही तो एकच, २००२ सालचा तुकोबांचा रुपया. वीस वर्षांहून अधिक काळ वर्गात तुकाराम शिकवणाऱ्या माणसाकडे तुकाराम येऊ नयेत, याचे मला मनातून फार लागून राहिले होते. त्यात आता पुण्यात मोडच मिळेनाशी झाली आहे. भाजीवाल्यापासून चांभारापर्यंत सगळ्यांकडे फोनवर पैसे घेण्याची पाटी टांगलेली. तळव्यावर काही पडतच नाही, तर वाचायचे काय?

गेल्या हिवाळ्यात डोमगावला जायचे ठरले. परंडे तालुक्यात सीनेच्या काठी हे गाव आहे. समर्थांचे शिष्य कल्याणस्वामी यांचा मठ तेथे आहे आणि कल्याणस्वामींनी लिहून घेतलेली दासबोधाची प्रत तेथे जपली आहे, अशी परंपरा आहे. सौभाग्यवतींना मी हेच कारण सांगितले आणि ते खोटेही नव्हते. पण खेड्यापाड्यांतून फिरणाऱ्या गाडीच्या कंडक्टरची पिशवी म्हणजे आमच्यासारख्यांची अलीबाबाची गुहा, हेही मनात होतेच.

पुण्याहून आगगाडीने कुर्डुवाडीवरून बार्शी गाठली आणि तेथून परंड्याची एस. टी. धरली. माझी आजी बार्शीची, पण तिचे माहेर परंड्याचे. त्यामुळे हा रस्ता मी प्रत्यक्ष पाहण्याआधी कितीतरी वर्षे ऐकलेला होता. बार्शी इंग्रजांच्या मुलखात, परंडे निजामाच्या. दोन्ही गावे तशी एकमेकांच्या हाकेला, पण मधल्या सरहद्दीवर पैसाच बदलायचा. निजामाचा तो ‘हाली’ रुपया, त्यावर चारमिनार, आणि मीर उस्मान अली खान गादीवर आल्यानंतर त्या चारमिनारच्या कमानीत त्यांच्या नावाचे ‘ऐन’ हे अक्षर. इंग्रजांचा तो ‘कलदार’, म्हणजे यंत्रावर पाडलेला. सात हाली दिले की सुमारे सहा कलदार मिळत. आजीच्या लग्नाचा बस्ता बार्शीला बांधला, तेव्हा तिच्या वडिलांना सातातला हा एक रुपया दर वेळी टोचला होता म्हणे. ‘नुसता रस्ता ओलांडला अन् आमचा रुपया बारीक झाला,’ हे ती नव्वदीतही काल घडल्यासारखे सांगायची. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात आले तरी ते नाणे लगेच गेले नाही. पुढे दहा-अकरा वर्षे ते भारतीय रुपयाबरोबर रेंगाळले आणि १९५९ मध्ये कायमचे बंद झाले. टांकसाळ मात्र बंद पडली नाही. ती १९५० साली भारत सरकारकडे आली, १९९७ मध्ये सैफाबादेतून चेरलापल्लीला हलली आणि आज आपल्या खिशातल्या रुपयावर जी चांदणी दिसते ती तिचीच. कंडक्टरने मला तिकिटाबरोबर दोन रुपये परत दिले. दोन्हींवर चांदणी होती. आजी असती तर म्हणाली असती, ‘बघ, परंड्याला निघालास अन् निजाम भेटला.’

परंड्याचा किल्ला भुईकोट आहे. भोवती खंदक, आत दुहेरी तटबंदी, भक्कम बुरूज, आणि बुरुजांवर ऊन खात पडलेल्या तोफा. आज तेथे तालुक्याच्या गावाचा सुस्तावलेपणा असला, तरी १६०० साली अहमदनगर मोगलांच्या हाती पडल्यावर मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तजा निजामशहाला गादीवर बसवले ते याच परंड्याच्या आश्रयाने. काही काळ ही राजधानी होती, आणि राजधानी म्हटली की नाणे आलेच. परंड्याचे नाव असलेली निजामशाही तांब्याची नाणी अभ्यासकांना ठाऊक आहेत. विजापूरची प्रसिद्ध मुलूख-मैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली. तीही बरीच वर्षे परंड्याला होती आणि १६३२ मध्ये येथूनच विजापूरला नेली. एवढे ते धूड बैलांनी आणि माणसांनी कसे ओढले असेल, या विचारात मी तटावर तासभर काढला. परंड्यातच हंसराजस्वामींचा मठ आहे, तेथेही डोके टेकवून आलो. डोमगावची गाडी सुटायला अवकाश होता, म्हणून स्थानकावर येऊन बसलो.

तेथे एक बाई पेरू विकत बसली होती. साठीच्या पुढची, कपाळाला बुक्का, गळ्यात तुळशीची माळ. मी अर्धा किलो पेरू घेतले आणि दहाचे नाणे पुढे केले. तिने ते बोटानेच परत सारले.

“नोट द्या मास्तर. ह्ये कुणीच घ्येत न्हाई हितं.”

आता या गोष्टीवर मी व्याख्यान देऊ शकतो, आणि दिलेही. दहाच्या नाण्याचे चौदा नमुने निघाले, ते सगळे चालतात, असे रिझर्व्ह बँकेने २०१८ सालीच जाहीर केले आहे. बाईने ते शांतपणे ऐकून घेतले. मग पाटीखालून एक फडक्याची पिशवी काढली आणि माझ्यासमोर उपडी केली. “मग घ्या की ही सगळी.”

अठरा नाणी दहाची होती. त्यांच्यात एक-दोन रुपयांची चिल्लरही मिसळलेली. आणि त्या चिल्लरीत, काळवंडलेले, कडेला जरा चेपलेले, तुकोबा!

माझा हात थरथरला असावा. नियम आठवला, पण वीस-बावीस वर्षांची भूक नियमाला जुमानते थोडीच. “मावशी, एवढा रुपया मला द्या. दहा देतो.” ती माझ्याकडे पाहत राहिली. मी घाबरून म्हणालो, “बरं, पन्नास.”

तेथेच फसले. तिने तो रुपया झटकन मुठीत घेतला.

“एका रुपयाचं कुणी पन्नास देतं व्हय? माजा नातू दावतो मोबाईलमदी. जुन्या नान्याला लाख लाख रुपय मिळत्यात.”

मी तिला पुन्हा समजावू लागलो. ती सगळी लबाडी आहे. आधी शुल्क भरा म्हणतात आणि गरिबाचे आहेत तेही काढून घेतात. रिझर्व्ह बँकेने २०२१ साली लोकांना तसा इशाराही दिला आहे. अशा झिजक्या नाण्याला लाख सोडा, शंभरसुद्धा कोणी द्यायचा नाही. नातवाने कुणाला पैसे भरले नाहीत ना, तेवढे विचारा. यातला शब्दन् शब्द खरा होता.

“मग,” ती म्हणाली, “तुमाला कशाला पायजे?”

एम. ए.च्या तोंडी परीक्षेतही मला कोणी इतका सरळ प्रश्न विचारला नव्हता. संग्रह, दुर्मिळता असले शब्द तोंडाशी आले आणि तिच्यासमोर उच्चारवेनात. शेवटी म्हणालो, “त्यावर तुकोबा आहेत. मी कॉलेजात तुकोबा शिकवतो.”

“कुटं हायेत?”

तिने मूठ उघडली. मी बोट ठेवून दाखवले. तिला चष्मा नव्हता; तिने नाणे लांब धरले, जवळ धरले, पदराने पुसले. आषाढीला दर साली पायी पंढरपूरला जाते, म्हणाली, आणि हे पिशवीत कधी येऊन बसले ते कळलेच नाही. मग तिने ते कपाळाला लावले आणि पदराच्या टोकाला घट्ट गाठ मारली. लाखाची भाषा तिनेही पुन्हा काढली नाही आणि पन्नासाची मीही.

डोमगावच्या गाडीची घंटा झाली. मी शंभराची एक, पन्नासाची एक आणि दहाच्या तीन नोटा देऊन ती अठराही नाणी घेतली. तिने पिशवीत दोन पेरू वर टाकले. व्याख्यानाबद्दल असावेत.

घरी आल्यावर सौभाग्यवतींनी नाण्यांचा ढीग पाहिला आणि त्यातली पाच-सहा भाजीसाठी उचलली. “यात तुमचे तुकोबा सापडले का?”

“सापडले,” मी म्हणालो. “परंड्याला असतात.”