झिजण्यासाठी घडलेला भाग

यंत्राचा जो भाग सर्वांत कमी हलतो, तो सर्वांत कमी झिजत असावा, असा आपला सहज समज असतो. मोटारसायकलच्या मागील चिमट्याचे बुश हा समज खोटा ठरवितात. मागचे चाक ज्या लोखंडी दुबेळक्यात बसते, त्याला मिस्त्री लोक चिमटा म्हणतात. तो इंजिनामागील एका आडव्या दांड्यावर खालीवर झुलतो. चाक मिनिटाला शेकडो फेरे घेते. चिमटा मात्र थोड्याच अंशांत डोलतो. पण त्यामुळेच भार बुशाच्या त्याच त्या बाजूंवर पडत राहतो, ग्रीस सर्वत्र फिरत नाही, पावसाचे पाणी आत मुरते आणि वाटोळे छिद्र हळूहळू लांबट होते.

वडिलांची १९६४ सालची बुलेट आज माझ्याकडे आहे. झुलत्या चिमट्याची बुलेट इंग्लंडात १९४९ साली आली आणि १९५५ पासून मद्रासेत तिची जुळणी होऊ लागली. त्यापूर्वीच्या पुष्कळ गाड्यांत मागचे चाक सांगाड्यास घट्ट जखडलेले असे. ज्या सांध्याने बसणाऱ्यास सुख दिले, त्यानेच झिजेला एक नवे घर दिले.

गेल्या पावसाळ्यात, वळणावर गाडीचे मागचे अंग क्षणभर रेंगाळून मग पुढल्याची वाट धरते, असे जाणवू लागले. दर सोमवारी आई मागे बसून बेळगावच्या कपिलेश्वरास येते. तेव्हा हा संशय तसाच बाळगणे शक्य नव्हते. संशयाचा फायदा न्यायालयात आरोपीस मिळतो. यंत्रास तो देऊ नये. गाडी स्टँडवर घेऊन चाक आडवे हलविले. ते हलले, पण एवढ्यावर निकाल देता येत नाही, कारण चाकाचे बेअरिंगही दोषी असू शकते. म्हणून चिमट्याचीच टोके धरून उलटतपासणी केली. ढिलाई चिमट्याच्या मुळाशीच होती.

येथे एका स्नेह्यांनी हरकत घेतली. त्यांना जुन्या गाड्यांचा मोठा नाद. "साठ वर्षांचा मूळ भाग काढलात की गाडीचे अस्सलपण गेले," असे त्यांचे म्हणणे. त्यावर आई एवढेच म्हणाली, "ह्यांनी काय टायर कधी बदलले नव्हते?"

काम धीराचे निघाले. गंजून बसलेला दांडा रॉकेलमध्ये दोन दिवस भिजत ठेवावा लागला. नवे बुश हातोडीने ठोकून बसवू नयेत. लांब बोल्ट आणि वॉशर लावून, नट आवळीत ओढून घ्यावेत. घट्ट बसताना बुशाचे छिद्र किंचित आकसते, म्हणून रीमर नंतर फिरवावा लागतो, आणि तोही दोन्ही बुशांतून एका रेषेत. शेवटी चिमटा उचलून सोडला, तर तो स्वतःच्या वजनाने सावकाश खाली आला पाहिजे. आडवा मात्र मुळीच हलता कामा नये.

जुना बुश हातात घेतला तेव्हा स्नेह्यांच्या हरकतीचे उत्तर त्यातच दिसले. दांडा पोलादाचा, बुश ब्राँझचा, देवळातल्या घंटेच्या जातीच्या मऊ धातूचा. दांडा आणि चिमटा शाबूत राहावेत म्हणून झीज आपल्या अंगावर घेणे, हेच त्याचे नेमलेले काम. ते त्याने पुरे केले होते. अशा भागास अस्सलपणाच्या नावाने जागीच अडकवून ठेवणे म्हणजे ज्यांना त्याने इतकी वर्षे राखले, त्यांनाच झिजू देणे होय.

जीर्णोद्धार आपल्याला परका नाही. १५६० साली मंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आला. गाव बदलले, देऊळ नवे उभे राहिले, पण भक्तांनी देव दुसरा मानला नाही. वासे कुजतात, कौले फुटतात, ती बदलतात आणि सोमवारची पूजा चालू राहते.

नवे बुशही एक दिवस झिजतील. त्यांची मापे आणि बसविल्याची तारीख मी वडिलांच्या जुन्या वहीत, त्यांच्याच नोंदींखाली लिहून ठेवली आहे. पुढे जो कोणी पाना हातात घेईल, त्याच्या ती उपयोगी पडतील.